खाडीच्या मुखाशी एक दिवस : पाण्याच्या वेळेप्रमाणे पाहणी कशी करावी

रविवारी सकाळी दहाला गाडी लावायची, वाळूवर उतरायचं, समोर सपाट पाणी बघायचं आणि ‘इथे काही विशेष नाही’ म्हणत शहाळं पिऊन परतायचं. नदी समुद्राला मिळते त्या जागी जाणाऱ्या बहुतेकांचा दिवस असाच जातो. जे बघायचं ते त्या वेळी चार-पाच फूट पाण्याखाली असतं, एवढंच. उलट प्रकारची मंडळी ओहोटी बघून खूश होतात, वाळूच्या दांड्यावरून थेट टोकाला जातात आणि मागचा चर भरल्यावर हाका मारत बसतात. दोघांनीही हातातलं घड्याळ पाहिलेलं असतं, पाण्याचं वेळापत्रक पाहिलेलं नसतं.

पुढे दिलेला क्रम कोकणातल्या बहुतेक खाडीमुखांना चालतो. उदाहरणासाठी कर्ली नदीचं मुख घेतलं आहे. इथे उत्तरेला मालवण तालुक्यातलं देवबाग, दक्षिणेला वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. देवबाग म्हणजे पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला नदी यांच्यामध्ये सापडलेली वाळूची चिंचोळी पट्टी; तिच्या दक्षिण टोकाशी संगम. नदीच्या बाजूला कांदळवन (खारफुटीचं जंगल), मुखाशी ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे दांडे आणि आत चिखलाचे काठ. तीन वेगळ्या जागा आहेत आणि तिन्हींची योग्य वेळ वेगळी आहे.

## टप्पा १ : दिवस पंचांगातून निवडा

कोकणात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी साडेतीनच्या आसपास पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, इथे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत मोजणी एकपासूनच करायची.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती हटतं याला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं : भरती जास्त चढते, ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी जेमतेम हलतं. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जाणवतो.

आता दोन्ही गोष्टी जुळवून पाहा :

- द्वितीया ते चतुर्थी : पूर्ण ओहोटी सकाळी साधारण पावणेआठ ते सव्वानऊ आणि उधाणाचा जोर अजून शिल्लक. पायी पाहणीसाठी याहून चांगले दिवस नाहीत.
- पंचमी, षष्ठी : ओहोटी दहा-अकराला. चालतं, पण ऊन तापतं आणि पाणी कमी हटतं.
- अष्टमी, नवमी : सकाळी सहा-सातला भरती, दुपारी ओहोटी, तीही अर्धवट. चालण्यासाठी वाया, मात्र होडीसाठी उत्तम. त्याबद्दल आठव्या टप्प्यात.
- एकादशी ते चतुर्दशी : सकाळी सव्वाआठ ते साडेदहापर्यंत पाणी वर. दहा वाजता येऊन ‘काही नाही’ म्हणणारे बहुधा याच तिथींना आलेले असतात.

(संकष्टीला सकाळी नऊला तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) खाचरं उघडी पडावीत आणि निम्म्या गावाचा उपास असावा, हा निसर्गाचा विनोद समजा.)

ऋतू ऑक्टोबर ते मार्च. उत्तरेकडून येणारे पाणपक्षी ऑगस्टअखेरपासून दिसू लागतात, पण वाळूचे दांडे पावसाळ्यानंतर स्थिरावायला ऑक्टोबर उजाडतो. जून ते सप्टेंबर मुखाशी पायी जाऊच नका : नदीला पूर असतो, दांडे तुटतात, आणि गेल्या हिवाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली जागा आता पुरुषभर खोल झालेली असते.

पडताळा : तिथी दिवसाच्या मध्येच बदलते. सूर्योदयाची तिथी धरा आणि पाऊणपटीच्या उत्तरात अर्धा ते पाऊण तास इकडेतिकडे गृहीत धरा. हा हिशेब दिवस निवडायला आहे, जीव टांगायला नाही.

## टप्पा २ : तक्ता घ्या आणि स्वतःचं वेळापत्रक लिहा

दिवस ठरल्यावर भरतीचा छापील किंवा ऑनलाइन तक्ता बघा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भरतीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारेही देते. आपल्या जागेच्या सर्वांत जवळच्या बंदराचा तक्ता घ्या. मुंबईचा तक्ता घेऊन देवबागला जाणं ही नेहमीची चूक आहे. दोन्हीकडच्या वेळेत फरक पडतोच, शिवाय उंचीतही : मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, मालवणकडे साधारण दोन मीटर.

तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये आकडा असतो. तो पाण्याची खोली सांगत नाही, एका ठरावीक पातळीपासूनची उंची सांगतो. कामाचा आहे तो फरक. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्यांचे आकडे वेगळे असतात, सकाळची ०.३ आणि संध्याकाळची ०.९ असेल, तर सकाळी बरीच जास्त जागा उघडी पडेल.

पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ-उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक दोन मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम वीतभर चढतं आणि ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं. तिसऱ्या तासात ते अर्धा मीटर चढतं. सपाट वाळूवर अर्धा मीटर उंची म्हणजे कित्येकदा शंभर पावलांचं अंतर.

चतुर्थीच्या दिवसाचं नमुना वेळापत्रक :

- ७.०० वाळूवर पाऊल
- ८.१५ चिखलाच्या काठाशी
- ९.१५ पूर्ण ओहोटी. दांड्याच्या टोकावरून परतीला सुरुवात
- १०.३० पूर्ण कोरड्या जमिनीवर
- १२.४५ होडीने कांदळवनात
- ३.३० पूर्ण भरती. होडी खाडीच्या रुंद पात्रात
- ४.०० काठावरून पक्ष्यांचे थवे

हे कागदावर लिहा. फोन खिशात भिजतो, उन्हात दिसत नाही आणि नेमका त्याच वेळी बंद पडतो.

सावधान : मुखाशी पाण्याची पातळी आणि प्रवाह एकाच वेळी वळत नाहीत. पातळी तळाला गेल्यावरही आत साठलेलं पाणी बराच वेळ बाहेर ओढत राहतं. पातळी थांबली म्हणून ओढ थांबली असं समजून चर ओलांडू नका. खाडीत जसजसे आत जाल तसतशी भरतीही उशिरा पोचते.

## टप्पा ३ : आदल्या संध्याकाळी एक फेरी

हा टप्पा सगळे गाळतात. आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी उतरत असताना काठावरून, आत न उतरता, तीन गोष्टी बघून ठेवा.

पहिली, चर कुठे आहेत. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये बहुधा एक सखल भाग असतो. भरतीचं पाणी आधी हा सखल भाग मागून भरतं, दांड्याचं टोक त्यानंतर बुडतं. अडकणारे लोक समोरच्या लाटांकडे बघत असतात आणि पाणी त्यांच्या पाठीमागून आलेलं असतं.

दुसरी, माणसं. पागाने (फेकायच्या जाळ्याने) मासे धरणारे, तिसऱ्या काढणाऱ्या बायका, होडीवाले. ‘काका, उद्या सकाळी पाणी केव्हा वळेल? दांड्यावर कुठून जायचं?’ एवढं विचारा. तक्ता आणि त्यांचं उत्तर यात फरक पडला, तर त्यांचं धरा. दांडा गेल्या महिन्यात सरकलाय हे तक्त्याला ठाऊक नसतं. उपग्रहाचा नकाशाही इथे फसवा : फोटो कोणत्या भरतीला घेतला ते त्यावर लिहिलेलं नसतं.

तिसरी, सूर्य. सकाळी देवबागच्या पट्टीवर उभं राहून नदीकडे पाहिलं की ऊन डोळ्यांत येतं आणि प्रत्येक पक्षी काळा दिसतो. म्हणून सकाळी समुद्राची बाजू आणि दांडे, दुपारनंतर नदीची बाजू.

## टप्पा ४ : सामान

- जुने नाडीचे कापडी बूट. चपला चिखलात रुततात, गमबुटात पाणी भरलं की पाय उचलत नाही, आणि अनवाणी गेलात तर कालवं तळवा चिरतात. खडकांवर, खुंटांवर, कांदळाच्या मुळांवर सगळीकडे ती चिकटलेली असतात.
- पाच फुटी काठी, वीत-वीतभर अंतरावर खुणा केलेली. ही सर्वांत उपयोगी वस्तू. पुढे टेकवून चिखलाचा अंदाज घ्यायचा आणि पाण्याच्या कडेला रोवून पातळी मोजायची.
- ८×४२ दुर्बीण. १० पटीची घेतली तर वाऱ्यात हात हलतो आणि चित्रही हलतं.
- माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट कपडा. लाल-पांढरा भडक शर्ट नको.
- शिट्टी, दोरी, पाणी न शिरणारी पिशवी, वही आणि पेन्सिल. ओल्या कागदावर पेन चालत नाही.
- मलमपट्टी, जंतुनाशक, आणि थर्मासमध्ये कडकडीत गरम पाणी. ते चहासाठी नाही. कारण पुढे येईल.

निदान दोघं असा. घरी किंवा मुक्कामाच्या ठिकाणी परतीची वेळ सांगून निघा.

## टप्पा ५ : वाळूवर, ओहोटीच्या दोन तास आधी

पाणी हटत असताना त्याच्या मागोमाग खाली उतरायचं. पूर्ण ओहोटी झाल्यावर उतरणाऱ्याला परतायलाच वेळ उरतो.

पहिलं पाऊल टाकण्याआधी काठी पाण्याच्या कडेला रोवा आणि पाच मिनिटं थांबा. पाणी काठीपासून मागे सरकलं तरच पुढे जा. तिथी, तक्ता आणि काठी, तिन्ही जुळले पाहिजेत.

नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ आहे आणि मुखाशेजारची वाळू त्यांना आवडते. त्यामुळे भरतीच्या रेषेच्या खालून, ओल्या वाळूवरूनच चाला. घरटी वरच्या कोरड्या वाळूत असतात. पाण्यातून वर गेलेला हातभराहून रुंद, दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे आडवे फटके असलेला माग दिसला, तर उकरू नका, त्यावरून चालू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता खाली बघा. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल : मध्ये एक भोक आणि त्यातून बाहेर पडलेल्या रेषा. हे नखाएवढ्या खेकड्याचं काम. तो वाळू तोंडात घालतो, तिच्यातला खाण्याजोगा अंश काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. प्रत्येक भरती ही नक्षी पुसते, म्हणून ती तुमच्या कामाची आहे : गोळ्यांचा पसारा मोठा, तितका वेळ ती जागा उघडी. भोकाभोवती चार-दोनच गोळ्या असतील, तर पाणी नुकतंच हटलंय. परतीच्या वेळी भोकं वाळूने बंद झालेली दिसू लागली, तर खेकड्यांना पाणी येत असल्याचं कळलंय. तुम्हालाही कळायला हवं.

दुसरी हमखास चूक : रबराच्या तुटक्या वायसरसारखी दिसणारी, हाताला चिवट लागणारी वाळूची वाकडी कॉलर. प्लॅस्टिक समजून लोक ती उचलून कचऱ्यात टाकतात. ती एका गोगलगायीची अंडी आहेत, वाळूत सांधून ठेवलेली. जागेवर राहू द्या.

पाण्यातून चालावं लागलं तर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. उथळ वाळूत पाकट (चपट्या अंगाचा मासा) अंग पुरून बसते. पायाच्या धक्क्याने ती निघून जाते. अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

सावधान : मुखात पोहायचं नाही. कमरेएवढ्या पाण्यातही नाही, ओहोटीत तर मुळीच नाही. ओढ समुद्राकडे असते आणि पायाखालची वाळू सरकती असते.

## टप्पा ६ : चिखलाचा काठ, ओहोटीच्या एक तास आधीपासून

इथे चालण्यापेक्षा थांबण्याचं काम जास्त आहे.

आधी जमीन ओळखा. लाटांच्या वळ्या उठलेली वाळू टणक. गुळगुळीत, आरशासारखी चकाकणारी सपाटी म्हणजे मऊ चिखल. काठी हलक्या हाताने एका खुणेपेक्षा जास्त आत गेली, तर तिथे पाऊल नको. पाय रुतलाच तर ओढून काढू नका. एक ओढताना दुसरा आणखी आत जातो. मागे झुकून बसा, वजन पसरवा, रुतलेला पाय गोल फिरवत पाणी आत शिरू द्या आणि हळूहळू सोडवा. बूट राहिला तर राहू द्या.

काठाशी टणक जागा धरून खाली बसा आणि दहा मिनिटं हलू नका. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही आणि नेमके तेव्हाच लोक उठतात. मग भोकांतून डोळे वर येतात. एक नांगी अंगाएवढी मोठी आणि दुसरी बारीक असलेले खेकडे बाहेर येऊन मोठी नांगी हलवायला लागतात. हे नर, बारीक नांगीने चिखल खातात, मोठी फक्त मादीला बोलवायला आणि भांडायला. मादीच्या दोन्ही नांग्या बारीक, म्हणून खाण्याच्या वेगात ती पुढे. शेजारीच निवट्या चिखलावरून उड्या मारत असतात. हा मासाच, पण त्वचा ओली असेल तोवर हवेत राहू शकतो. त्याच्या किंवा खेकड्याच्या बिळात हात घालून बघू नका. भोक मोठं आणि आडवं असेल तर आत चिंबोरी असण्याची शक्यता आहे, आणि तिची नांगी बोट सोडत नाही.

ओल्या चिखलावरचे पायठसे वाचण्याची हीच वेळ. पाण्याखाली जाणाऱ्या पट्ट्यातला ठसा मागच्या भरतीनंतरचाच असणार, म्हणजे फार तर अर्ध्या दिवसाचा. चार बोटं, नखांच्या खुणा आणि एका रेषेत पडलेली पावलं : कोल्हा (किंवा गावचं कुत्रं, कुत्रं वेडंवाकडं भटकतं, कोल्हा कामाने चालल्यासारखा सरळ जातो). पाच बोटं आणि मधे पडद्याची पुसट खूण : पाणमांजर. जवळच्या खडकावर किंवा दांड्याच्या उंचवट्यावर माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे असलेली विष्ठा मिळाली तर नक्कीच. मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्हीकडे नखं : घोरपड.

पक्षी बघताना नाव शोधण्याआधी चोच आणि चाल टिपा. लांब, खाली वाकलेली चोच चिखलात मुळापर्यंत खुपसणारा तो कोरल. चार पावलं धावून एकदम थांबणारे, आखूड चोचीचे चिखले नजरेने भक्ष्य शोधतात. न थांबता शिवणयंत्रागत टोचत जाणारे तुतवार चोचीच्या स्पर्शाने. राखाडी-काळा बगळा दिसला की तो वेगळा समजू नका. समुद्री बगळा पांढराही असतो आणि काळपटही, दोन्ही एकाच जातीचे. ब्राह्मणी घार पाण्यावरून खाली झेपावत तरंगता मासा उचलते. कैकर पाय पुढे करून पाण्यात आदळतो.

पडताळा : खाणारे पक्षी माना वर करून स्तब्ध झाले, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. दोन पावलं मागे. ते उडेपर्यंत थांबू नका.

## टप्पा ७ : परत फिरणं

पूर्ण ओहोटीच्या क्षणी दांड्याच्या टोकावरून पाठ फिरवा, पाणी वळल्यावर नाही. सगळ्यांत सुंदर दृश्य तेव्हाच असतं आणि ‘आणखी दहा मिनिटं’ तेव्हाच मागितली जातात. येताना काठी रोवली होती त्या जागेपर्यंत पाणी पोचलं असेल, तर रस्त्यात फोटोही नको.

चर भरलेला आढळला तर : गुडघ्याखाली आणि ओढ नसेल तर काठीने चाचपत ओलांडा. गुडघ्याच्या वर असेल किंवा पाणी पायाला ढकलत असेल, तर ओलांडू नका. दांड्याच्या सर्वांत उंच भागावर जा, शिट्टी वाजवा, होडी बोलवा, ११२ ला फोन करा. होडीवाले रोज पाण्यात असतात, दांड्यावर उभा असलेला माणूस त्यांना दिसतो. पोहत निघालेला माणूस त्यांना शोधावा लागतो.

## टप्पा ८ : कांदळवनात होडीने, चढत्या पाण्यावर

अरुंद फाट्यात भरती अर्धी झाल्यावर शिरा आणि ती पूर्ण होताच बाहेर पडा. चढत्या पाण्यावर होडी गाळात रुतली तर थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यावर रुतली तर पुढची भरती येईपर्यंत डास मोजत बसावं लागतं. वल्हवायची होडी मिळाली तर इंजिनाची घेऊ नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या होडीतून अशी कांदळवन सफर होते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. लाइफ जॅकेट घालून बंद लावा. बुडाखाली घेतलेलं जॅकेट म्हणजे उशी.

झाडं पाण्याकडून जमिनीकडे या क्रमाने बघा, म्हणजे गोंधळ होत नाही. ओळख मुळांपासून सुरू करायची :

चिपी. बहुधा सर्वांत पुढे, पाण्यातच. चिखलातून वर आलेली मुळं जाड, बुडाशी रुंद, वर निमुळती. पानं गोलसर, जाड. फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळी त्याचे पांढरे तंतू पाण्यावर पडलेले दिसतात. फळाला खाली चांदणीसारखी टोपी. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

कांदळ. खोडापासून कमानी करून उतरलेली आधारमुळं. पानाच्या टोकाला बारीक काटा. झाडावरच रुजून लोंबणाऱ्या हातभर लांब हिरव्या शेंगा. त्या शेंगा नव्हेत, रोपं आहेत. तोडून नेऊ नका.

तिवर. मुळं चिपीसारखीच वर आलेली, पण बारीक, पेन्सिलीच्या जाडीची, आणि शेकड्यांनी. पानाची खालची बाजू पांढुरकी. पानाच्या वरच्या बाजूला जीभ लावली तर खारट लागते, कारण झाड मीठ पानातून बाहेर टाकतं.

जीभ लावण्याचा प्रयोग फक्त तिवरावर, तोही ओळख पक्की असेल तरच. मागच्या बाजूला हुरी उभी असते (काही ठिकाणी तिला गेवा म्हणतात). वर आलेली मुळं नाहीत, गळण्याआधी पानं लालबुंद होतात आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, कातडीला लागला तर फोड येतात. फांदी धरून होडी ओढण्याची सवय इथेच महागात पडते. चीक लागल्यास लगेच भरपूर गोड्या पाण्याने धुवा आणि डोळा असेल तर थेट डॉक्टरकडे जा. जमिनीलगत काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडी दिसली, तर कांदळवनाची मागची कड आली असं समजा.

आता अष्टमी-नवमीबद्दल. डॉल्फिन बघायला मुखाबाहेर जायचं असेल तर भांगाची सकाळ निवडा : सहा-सातला भरती, प्रवाह मंद, वारा अजून उठलेला नाही. उधाणाच्या ओहोटीत बाहेर जाणारा प्रवाह आत येणाऱ्या लाटांना भिडतो आणि दांड्यावर लाटा फुटतात. त्यातच दुपारचा वारा. होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर घासाघीस करू नका.

## टप्पा ९ : पूर्ण भरती

दांडे बुडाले की दिवसभर पांगलेले पक्षी उरलेल्या कोरड्या टोकावर दाटीने गोळा होतात. कुरव, सुरय, चिखले, सगळे एकाच दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून. मोजणीसाठी याहून सोपी वेळ नाही. सुमारे शंभर मीटरवर थांबा, आडोसा धरा. हे थवे पुढच्या ओहोटीपर्यंत विश्रांती घेतात. फोटोसाठी उडवलेला थवा चरबी जाळतो, आणि त्याला परतीचा हजारो किलोमीटरचा प्रवास करायचा असतो. ड्रोन तर नकोच.

मोजताना एकेक करू नका. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढ्या तुकड्यांनी थवा मोजा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडे ताडून पाहावेत.

## इजा झाली तर

- पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा : जखम धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात (४०–४५ अंश सेल्सिअस) अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. थर्मास यासाठी. गरमपणा निरोगी हाताने आधी तपासा, दुखऱ्या भागाला भाजल्याचं कळत नाही. काटा खोल रुतला असेल, किंवा छाती-पोटाला लागला असेल तर उपटू नका, थेट रुग्णालय.
- कालवाची चीर : लहान वाटली तरी चिखल आत असतो. स्वच्छ पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारून घ्या.
- साप : जाळ्यात किंवा वाळूवर पडलेला चपट्या शेपटीचा साप मेलेला वाटला तरी हात लावू नका. समुद्रसापाचा दंश सुरुवातीला दुखत नाही, खूण बारीक असते. दंशाची शंका आली की अवयव हलू न देता लगेच रुग्णालय गाठा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको.

## टप्पा १० : नोंद, त्याच दिवशी

वहीत पहिल्या ओळीत तारीख नव्हे, तिथी, पूर्ण ओहोटीची तक्त्यातली वेळ आणि प्रत्यक्ष पाणी वळल्याची वेळ लिहा. या दोन वेळांतला फरक तीन-चार भेटींत जवळपास स्थिर निघतो. पुढच्या खेपेला तक्त्यातल्या वेळेला तो लावला की त्या जागेचं आपलं वेळापत्रक तयार. मग दांड्याचा हातनकाशा : चर कुठे, मऊ चिखल कुठे, कुठून उतरलात. त्यानंतर पक्ष्यांची नावं आणि संख्या, प्रत्येकासमोर पाणी चढतं होतं की उतरतं. ओळख पटली नसेल तर चोच, पाय, चाल एवढंच लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. पावसाळ्यानंतर जुना हातनकाशा रद्द समजून नवा काढा.